हवाई हल्ल्यात नागरिक ठार झाल्याची बातमी कशी पडताळायची: आधी जागा, शेवटी दोष

फोंड्यात दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण एका शिकवणीच्या खोलीत जमतो. गाझा, येमेन, म्यानमार, युक्रेन, सुदान इथल्या हवाई हल्ल्यांच्या बातम्या एकेक करून घेतो आणि कोण गेलं, कुठे, केव्हा, याची नोंद करतो. गटात दोन शिक्षिका आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, आणि एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, आहे जो सुटीवर आला की येऊन बसतो. मी स्वतः वृत्तपत्रात जागतिक पान लावायचो. अलीकडे गोव्यातून आणि सिंधुदुर्गातून काही वाचक स्वतः केलेल्या नोंदी आम्हाला पाठवू लागले आहेत. त्यांची कळकळ खरी आहे, पण बहुतेक नोंदी एकाच जागी घसरतात. ‘अमुक सैन्याने इतके मारले’ हे वाक्य आधी लिहिलेलं असतं आणि पुरावा मागून त्याला जोडलेला असतो.

हा क्रम उलटा हवा. आधी जागा, मग वेळ, मग माणसं, त्यानंतर आकडा, मग शस्त्र, आणि सगळ्यात शेवटी हल्ला कुणी केला ते. दोष आधी ठरला की नजर तेवढंच पाहते, आणि बाकीचं दिसूनही मनात शिरत नाही. शिवाय तुमच्या नोंदीतली एक चूक सापडली की ज्या सैन्याने बॉम्ब टाकला ते उरलेल्या खऱ्या नोंदीही त्याच चुकीवर बोट ठेवून नाकारतं. ज्यांचं कुणी उरलं नाही अशा माणसांची नोंद आपण करतो आहोत, म्हणून हा क्रम पाळायचा.

तयारी: पहिला व्हिडिओ उघडण्याआधी

एक तक्ता करा. प्रत्येक घटनेला एक क्रमांक द्या आणि पुढे हे रकाने ठेवा: तिथली तारीख आणि वेळ, जागा आणि ती किती अचूक कळली आहे, प्रत्येक स्रोत वेगळ्या ओळीत, मृतांची नावं, किमान आणि कमाल आकडा, जबाबदार कोण असं कोण म्हणतं, सैन्याचं म्हणणं. शेवटचा रकाना ‘शंका’ हा. तो रिकामा असलेली नोंद मी तपासायला घेतच नाही, कारण तो रिकामा राहतो तो बहुधा नीट पाहिलेलं नसतं म्हणून.

एका घटनेवर दोन माणसं हवीत. एकाने गोळा करायचं, दुसऱ्याने ते पाडून पाहायचं. दुसऱ्याने पहिल्याचा निष्कर्ष आधी वाचू नये, फक्त कच्चं साहित्य घ्यावं.

भाषेची सोय आधी करा. आपल्याकडे कुवेत, बहारीन, मस्कत इथे वीस-वीस वर्षं काढून आलेली माणसं वाड्यावाड्यावर आहेत. अरबी वाचता येत नसली तरी त्यांचा कान तयार असतो. घारा म्हणजे हवाई हल्ला, कस्फ म्हणजे बॉम्बफेक किंवा तोफमारा, मफ्कूद म्हणजे बेपत्ता, अन्काद म्हणजे ढिगारा, एवढे शब्द तरी प्रत्येकाने मूळ लिपीत ओळखायला शिकावेत. आणि शहीद. मराठीत शहीद किंवा हुतात्मा म्हटलं की आपल्यापुढे सैनिक किंवा पत्रादेवीच्या स्मारकावरचे गोवा मुक्तीचे सत्याग्रही उभे राहतात. अरबी बातमीत मात्र हल्ल्यात गेलेल्या दोन वर्षांच्या मुलीलाही शहीद म्हणतात. आमच्याकडे आलेल्या नोंदींमध्ये या एका शब्दावरून नागरिकांना लढवय्ये ठरवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. यांत्रिक भाषांतरावर विसंबून हा रकाना भरू नका.

स्वतःला जपा. व्हिडिओ पाहताना आवाज बंद ठेवा, खिडकी लहान करा, चित्र कृष्णधवल करा. इमारत ओळखायला रंग क्वचितच लागतो आणि किंचाळ्या तर कधीच लागत नाहीत. झोपण्याआधी हे काम करू नका. आवाज ऐकणं भागच असेल, म्हणजे विमानाचा किंवा स्फोटाचा, तर एकाने ऐकून लिहून ठेवावं. सगळ्यांनी ऐकायची गरज नाही.

सावधान: सराव म्हणून दाबोळीच्या नौदल तळाचे किंवा आपल्याकडच्या कुठल्याही लष्करी हालचालीचे फोटो जुळवत बसू नका आणि ते कुणाला पाठवू नका. सरावासाठी गोव्यात बाजार, पूल, चर्च, देवळं भरपूर आहेत.

१. आधी साठवा, मग विचार करा

हल्ल्याचे व्हिडिओ गायब होतात. कधी टाकणारा भीतीने काढतो, कधी यूट्यूबसारखा मंच काढतो. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ उडाले होते, आणि त्यातले कितीतरी हल्ल्यांचे पुरावे होते.

दुवा दिसताच तो वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करा. मग मूळ फाइल उतरवा. मग पानाचा स्क्रीनशॉट घ्या, ज्यात टाकणाऱ्याचं खातं, मजकूर आणि वेळ दिसेल. फाइलचा हॅश काढून तक्त्यात लिहा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. शा-२५६ पद्धतीने काढलेला ठसा फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी बदलतो, म्हणून उद्या कुणी ‘तुम्ही छेडछाड केली’ म्हटलं तर उत्तर देता येतं. मूळ फाइलला हात लावू नका, काम प्रतीवर करा. बर्कली विद्यापीठाचं मानवाधिकार केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय यांनी २०२० मध्ये काढलेली बर्कली नियमावली याच शिस्तीवर उभी आहे. ती इंग्रजीत मोफत मिळते. गटातल्या एकाने तरी ती पूर्ण वाचावी.

नेहमीची चूक: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत ‘मूळ’ धरणं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि तो कधी, कुठे काढला ही माहिती त्यातून गळते. ती प्रत फक्त इशारा म्हणून घ्या आणि मूळ टाकणारा शोधा.

२. जुनं तर नाही ना?

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. व्हिडिओतल्या तीन-चार चौकटी वेगळ्या काढून उलट प्रतिमाशोध करा, म्हणजे चित्र देऊन ते आधी कुठे आलं ते शोधा, गूगलवरही आणि यांडेक्स या रशियन शोधयंत्रावरही. दोन्हीकडे वेगवेगळं सापडतं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून दोन्ही देशांत फिरली. आपल्या गावातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही ती आली असतील. त्याआधी तीच दृश्यं युक्रेन आणि गाझाच्या नावाने फिरली होती.

तपासा: व्हिडिओ दाव्याच्या तारखेआधी कुठे दिसला का? दिसला, तर व्हिडिओ बाजूला ठेवा, घटना मात्र नाही. खऱ्या हल्ल्याच्या बातमीला लोक खोटा फोटो लावतात. फोटो खोटा निघाला म्हणून मृत्यूही खोटे, असं होत नाही.

३. जागा

‘गाझात’, ‘म्यानमारच्या सागाइंगमध्ये’ ही जागा नव्हे. कोणती गल्ली, कोणतं घर, इथपर्यंत पोचायचा प्रयत्न करा.

शिकण्यासाठी पणजी घ्या. बेतीच्या बाजूने मांडवीपलीकडे काढलेला कुठलाही जुना व्हिडिओ उघडा. पूल किती दिसतात? तारांनी तोललेला अटल सेतू पूर्ण दिसत असेल, तर व्हिडिओ २०१९ च्या आसपासचा किंवा नंतरचा. एका पुलाने जागाही सांगितली आणि वेळेची एक कडही. आता डावीकडून उजवीकडे ठळक गोष्टींचा क्रम लिहा: मनोरा, पाण्याची टाकी, उंच इमारत, डोंगराची कड. मग गूगल अर्थवर तोच क्रम कुठून दिसतो ते शोधा. इराकमधलं मोसुल असो वा युक्रेनमधलं खार्किव, रीत हीच. मशिदीचा मिनार, छतावरच्या टाक्या, विजेचे खांब, रस्त्याचं वळण. एका खुणेवर जागा ठरवू नका. निदान तीन खुणा आणि त्यांचा आपसातला क्रम जुळला पाहिजे.

नंतर उपग्रह चित्रं. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं मोफत आहेत, साधारण पाच दिवसांनी एकदा येतात, पण त्यांचा एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा असतो. वस्तीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला तर त्यात दिसतं, एक घर पडलं तर बहुधा नाही. ‘उपग्रहात काहीच दिसत नाही, म्हणजे बातमी खोटी’ हा निष्कर्ष त्यामुळेच चुकतो. ढग हा दुसरा अडसर. जुलैत गोव्याचं सेंटिनेल-२ चं चित्र उघडून पाहा, पांढऱ्या कापसाशिवाय काही मिळणार नाही. म्यानमारमध्येही पावसाळ्यात तेच होतं. सेंटिनेल-१ रडारने पाहतो, त्याला ढग आडवे येत नाहीत, पण ती चित्रं वाचायला सराव लागतो.

नासाची आगीची नोंदही उपयोगी आहे, पण शेतातला पेंढा पेटवला किंवा तेलविहिरीवर ज्वाळा असली तरी तिथे लाल ठिपका उमटतो. एकटा ठिपका पुरावा नव्हे.

जागा किती अचूक आहे ते तक्त्यात प्रामाणिकपणे लिहा: घर, गल्ली, वस्ती, की फक्त शहर.

४. वेळ

इथे आमच्याकडून सगळ्यात मोठी चूक झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हिवाळ्यात गाझाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे रात्री साडेनऊला झालेला एक हल्ला आमच्या पडद्यावर मध्यरात्रीनंतर एक वाजता, म्हणजे दुसऱ्या तारखेला उमटला. तिथल्या स्थानिक बातमीत तारीख आदल्या दिवसाची. मी त्याच्या दोन घटना केल्या आणि एकाच घरातल्या सहा माणसांना दोनदा मोजलं. तीन आठवड्यांनी त्या घरातल्या आजीचं नाव दोन्हीकडे दिसलं तेव्हा ते लक्षात आलं. तेव्हापासून तक्त्यात वेळेचे तीन रकाने आहेत: तिथली वेळ, जागतिक प्रमाणवेळ, आणि कुठल्या घड्याळावरून घेतली.

येमेन आपल्यामागे अडीच तास, काबूल एक तास, म्यानमार आपल्यापुढे एक तास. गाझा आणि युक्रेनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, हे विसरू नका.

दिवसाचा व्हिडिओ असेल तर सावलीवरून वेळ काढता येते. सनकॅल्कसारख्या संकेतस्थळावर जागा आणि तारीख दिली की सूर्य कुठे होता ते दिसतं. पण गोव्यात सराव करणाऱ्यांसाठी एक इशारा. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या सुरुवातीला शून्य सावली दिवस येतो, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि तिथपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारची सावली आपल्याकडे दक्षिणेला पडते. गाझा, मोसुल, कीव इथे मध्यान्हीची सावली वर्षभर उत्तरेलाच असते. मे-जूनमध्ये घराच्या अंगणात शिकलेली दिशा तशीच तिकडे लावली की नकाशा उलटा फिरतो, आणि मग चुकीची इमारतही ‘जुळते’.

तपासा: त्याच जागी त्याच दिवशी दुसरा हल्ला झाला का? बचावाला धावलेल्यांवर दुसरा बॉम्ब पडल्याच्या घटना आहेत. तसं असेल तर दोन्ही वेळा वेगळ्या लिहा आणि कोण कुठल्या हल्ल्यात गेलं ते जमेल तेवढं वेगळं करा.

५. माणसं

आता नावं. हा भाग घाईत करू नका.

नाव मूळ लिपीत लिहून घ्या. देवनागरी रूप शेजारी असू द्या, पण जुळवणी मूळ लिपीवरच करा. एकच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि एकाची चार माणसं होतात. याउलट आपल्याकडे एका वाड्यावर एकाच नावाचे तीन नाईक असतात आणि घराण्याच्या नावाने ओळखले जातात, तसं तिथेही होतं. म्हणून नावासोबत वय, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि वस्ती घ्या. ‘अबू’ किंवा ‘उम्म’ लावून येणारं नाव हे ‘अमक्याचा बाप’, ‘अमकीची आई’ असं हाक मारण्याचं नाव आहे. तोच माणूस दुसऱ्या यादीत खऱ्या नावाने असू शकतो.

मराठी वाचकांची एक खास चूक. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बहुधा बदलतं, म्हणून आडनाव वेगळं दिसलं की आपण वेगळं कुटुंब धरतो. अरब समाजात बाई लग्नानंतरही वडिलांचंच नाव लावते. एकाच घरात मेलेली आई आणि मुलं वेगवेगळ्या घराण्यांच्या नावांनी यादीत येतात. बर्मी नावांत तर आडनावच नसतं, आणि ऊ, डॉ (डॉक्टर नव्हे), को, मा हे नावाआधीचे आदरार्थी शब्द आहेत, नावाचा भाग नव्हेत.

सर्वांत भक्कम जुळवणी ओळखपत्राच्या क्रमांकावरून होते. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या यादीत नाव, वय, लिंग यांच्यासह हे क्रमांकही होते, म्हणून ती कुणालाही तपासता आली. पण असे क्रमांक तुमच्या बंद तक्त्यातच ठेवा, प्रसिद्ध करू नका.

नागरिक कोण? पुरुष आहे आणि लढण्याच्या वयाचा आहे, एवढ्यावरून तो लढवय्या ठरत नाही. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ५० सांगतं की शंका असेल तर माणूस नागरिकच धरायचा, आणि वस्तीत काही लढवय्ये असले म्हणून वस्तीचं नागरी स्वरूप जात नाही. एखादा सशस्त्र गट ‘हा आमचा’ म्हणून फोटो टाकत असेल, तर ती नोंद वेगळी करा आणि दुवा जोडा.

६. कुणाशी बोलायचं असेल तर

बहुतेकांनी ही पायरी सोडावी असं माझं मत आहे. घरचे गेलेल्या माणसाला अनोळखी देशातून मेसेज करण्याआधी स्वतःला विचारा: यातून जे कळेल ते दुसरीकडून कळणार नाही का? आणि त्याच्याशी आधी कुणी बोललं आहे का? पाच जणांना पाच वेळा तेच सांगायला लावणं हा छळ आहे.

बोलायचंच ठरलं तर ओळखीच्या मध्यस्थामार्फत बोला. तुम्ही कोण, माहितीचं काय करणार, नाव छापणार की नाही, हे आधी सांगा, आणि त्याने होकार कशाला दिला ते लिहून ठेवा. पैसे देऊ नका, मदतीचं आश्वासन देऊ नका. ‘किती मेले?’ असं विचारू नका. ‘त्या संध्याकाळी घरात कोण कोण होतं?’ असं विचारा. माणूस खोलीखोलीने आठवतो, आणि त्या आठवणीत आकडा आपोआप येतो, शिवाय पाहुणे आणि शेजारचं मूलही येतं. स्वतः पाहिलं आणि कानावर आलं, हे दोन्ही वेगळं करून घ्या. दोन साक्षीदारांशी एकत्र बोलू नका.

सावधान: बॉम्बच्या तुकड्याचा फोटो मिळावा म्हणून कुणालाही ढिगाऱ्यात पाठवू नका. न फुटलेला भाग जिवंत असू शकतो.

७. आकडा

एक आकडा कधीच लिहू नका. किमान आणि कमाल, दोन्ही लिहा.

युक्रेनमधल्या मारिउपोलच्या नाट्यगृहावर १६ मार्च २०२२ रोजी हल्ला झाला. शहर प्रशासनाने सुमारे ३०० मृत्यू सांगितले. असोसिएटेड प्रेसने आपल्या तपासात ६०० च्या जवळचा अंदाज दिला. अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेला निदान डझनभर मृत्यूंची खात्री करता आली आणि प्रत्यक्षात बरेच जास्त असावेत असं तिने नमूद केलं. या तिघांच्या मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत. त्यांची सरासरी काढणं ही घोडचूक.

आणि आकडा वाढतो. अफगाणिस्तानातल्या कुंदुझमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या रुग्णालयावर ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकी विमानाने मारा केला, तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा विशीच्या आसपास होता. बेपत्ता माणसांचा माग काढत गेल्यावर तो ४२ वर स्थिरावला: १४ कर्मचारी, २४ रुग्ण, ४ सोबतचे नातेवाईक. पहिल्या दिवशीची बातमी अंतिम समजून नोंद बंद केली असती, तर निम्मी माणसं नोंदीबाहेर राहिली असती.

आता हिशेब. समजा एका हल्ल्याबद्दल तीन ठिकाणी ९, ११ आणि १४ असे आकडे आहेत. नावांच्या दोन याद्या आहेत, एकीत ८, दुसरीत ७. पाच नावं दोन्हींत आहेत. म्हणजे वेगळी नावं १०. त्यातलं एक ‘अबू’ लावलेलं आहे आणि ते यादीतल्याच दुसऱ्या माणसाचं असू शकतं, म्हणून ९ ते १०. दोन दिवसांनी रुग्णालयात एक जखमी दगावला, त्याचं नाव यादीत नाही, म्हणून १० ते ११. एका स्थानिक खात्याने म्हटलं आहे की मृतांत दोघे सशस्त्र होते, नावं दिलेली नाहीत. किमान काढताना ते दोघे वजा करा: ८. कमाल काढताना सर्वांत मोठा आकडा १४ घ्या. तो रुग्णालयातल्या मृत्यूआधीचा होता, म्हणून त्यात एक मिळवा: १५. दोघे सशस्त्र असल्याचा दावा सिद्ध नाही, म्हणून इथे वजाबाकी नाही. नोंद अशी होईल: नागरिक मृत्यू ८ ते १५, ओळखलेली नावं १० ते ११.

नेहमीच्या चुका: तीन बातम्यांचे आकडे एकमेकांत मिळवणं. ‘मृत आणि जखमी मिळून’ असा आकडा मृतांचा म्हणून घेणं. ढिगाऱ्याखालच्या बेपत्तांना मृतांत धरणं किंवा साफ विसरणं. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. १७ मार्च २०१७ च्या मोसुलमधल्या हल्ल्याच्या चौकशीत अमेरिकी सैन्याने १०५ नागरिक ठार झाल्याचं मान्य केलं, आणि आणखी ३६ जणांचा पत्ता लागला नाही असंही म्हटलं. बातम्यांतून ते ३६ केव्हाच गळून गेले.

८. शस्त्र

खड्ड्याच्या आकारावरून बॉम्बचं वजन सांगू नका. माती, खोली, स्फोट कुठे झाला, यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते काम तज्ज्ञांचं आहे. तुमचं काम तुकड्यांचे फोटो गोळा करणं: पंख, शेपटाचा भाग, त्यावरची अक्षरं आणि आकडे. तिथे उत्पादक कंपनी ओळखवणारा पाच अक्षर-आकड्यांचा कोड असतो. येमेनमधल्या दह्यान इथे ९ ऑगस्ट २०१८ रोजी शाळकरी मुलांच्या बसवर हल्ला झाला. रेड क्रॉसच्या आकड्यानुसार ५१ जण गेले, त्यात ४० मुलं. तुकड्यांवरच्या खुणांवरून तो अमेरिकेत बनलेला एमके-८२ जातीचा बॉम्ब असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

तुकडा त्याच जागी पडलेला दिसतो का, की कुणी टेबलावर मांडलेला? दुसऱ्या प्रकारचा फोटो कमकुवत पुरावा. आणि शस्त्र कुठल्या देशात बनलं यावरून ते कुणी टाकलं हे ठरत नाही. दह्यानला हल्ला सौदी-नेतृत्वाखालच्या आघाडीने केला होता.

९. कुणी केलं, आणि ते काय म्हणतात

आता दोष. त्या आभाळात त्या दिवशी कुणाची विमानं उडत होती? सैन्याने त्या भागात हल्ला केल्याचं स्वतः जाहीर केलं का? दोन पक्ष एकमेकांवर बोट दाखवत असतील तर ‘वादग्रस्त’ लिहा आणि दोन्हींचे पुरावे समोरासमोर ठेवा. अनेक देशांची आघाडी मिळून लढत असेल तर ‘आघाडी’ एवढंच लिहा, देशाचं नाव तर्काने भरू नका. इराकमधल्या हविजावर जून २०१५ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ७० नागरिक गेले. तो डच विमानांनी केला हे नेदरलँड्सच्या सरकारने २०१९ मध्ये मान्य केलं.

सैन्याचं म्हणणं शब्दशः आणि तारखेसह लिहा, पटो न पटो. ते बहुधा तीनपैकी एक असतं. ‘आमचा हल्ला नव्हता.’ ‘मारले गेले ते अतिरेकी होते.’ ‘आमच्या बॉम्बने नव्हे, तिथे साठवलेल्या स्फोटकांनी इमारत पडली.’ तिन्ही तपासता येतात. काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोनहल्ल्यानंतर अमेरिकी सैन्य म्हणालं की गाडीत स्फोटकं होती आणि त्यामुळे दुसरा मोठा स्फोट झाला. पत्रकारांनी अंगण पाहिलं: भिंती उभ्या होत्या, फाटकाला एकच पोचा होता. गाडीवाला ज्या मदतसंस्थेत कामाला होता तिथल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात तो पाण्याची पिंपं भरताना दिसला. १७ सप्टेंबरला सैन्याने कबूल केलं: १० नागरिक, त्यांत ७ मुलं. मोठ्या स्फोटाचा दावा दिसला की भिंती, झाडं, शेजारच्या घरांच्या काचा पाहा, असं त्या अंगणाने आम्हाला शिकवलं.

सैन्याच्या नोंदीत हल्लाच नाही, याला फार वजन देऊ नका. २०१७ मध्ये दोन पत्रकारांनी न्यूयॉर्क टाइम्ससाठी उत्तर इराकमधल्या १०३ हल्ल्यांच्या जागा तपासल्या, तेव्हा दर पाच हल्ल्यांमागे एकात नागरिक मेल्याचं त्यांना आढळलं. अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या कबुलीपेक्षा हे प्रमाण ३१ पटींहून जास्त होतं. इस्लामिक स्टेटविरुद्धच्या इराक-सीरियातल्या मोहिमेत ब्रिटनने आपल्या हातून एकच नागरिक मेल्याचं मान्य केलं आहे.

१०. दर्जा द्या आणि मगच प्रसिद्ध करा

लंडनची एअरवॉर्स ही संस्था जो क्रम वापरते तोच आम्ही घेतला आहे. सैन्याने मान्य केलं तर ‘निश्चित’. दोन किंवा अधिक स्वतंत्र विश्वासार्ह स्रोत असतील आणि त्या भागात त्या सैन्याचे हल्ले होत असतील तर ‘बऱ्यापैकी’. एकच स्रोत असेल तर ‘कमकुवत’. जबाबदारीवर भांडण असेल तर ‘वादग्रस्त’. मृत लढवय्ये निघाले किंवा मृत्यू हवाई हल्ल्यातले नव्हते तर ‘रद्द’. रद्द नोंदही पुसू नका, कारणासह ठेवा.

स्वतंत्र म्हणजे खरोखर स्वतंत्र. दहा वृत्तस्थळांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी उचलली असेल तर तो एकच स्रोत. मराठी दैनिकांत आलेली बातमी जवळजवळ नेहमीच अशी उचललेली असते. माझ्या पानावरची बातमीही तशीच असायची.

छापताना ‘कोण म्हणतं’ हे प्रत्येक वाक्यात असू द्या. लहान मुलांचे मृतदेह दाखवू नका. जिवंत साक्षीदाराचं घर ओळखू येईल इतकी अचूक जागा प्रसिद्ध करू नका. बंद तक्त्यात घर असेल, लोकांपुढे वस्तीचं नाव पुरे.

११. नोंद पुन्हा उघडा

आम्ही प्रत्येक नोंद एका आठवड्याने, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी उघडतो. तीन गोष्टी पाहतो: जखमींच्या यादीतलं कुणी नंतर गेलं का, ढिगारा उपसल्यावर बेपत्तांपैकी कुणी सापडलं का, आणि सैन्याने काही नवं म्हटलं का. बदल केला तर जुना आकडा खोडत नाही. त्याखाली तारीख, नवा आकडा, कारण आणि बदल करणाऱ्याची आद्याक्षरं लिहितो. वाचकाने चूक दाखवली तर तीही तिथेच लिहितो. तुमच्या नोंदी पाठवताना हा बदलांचा भाग वेगळा काढू नका, पूर्ण तक्ता पाठवा, आणि बेपत्तांचा रकाना शून्य असेल तर तो शून्य कुठल्या तारखेला, कशावरून लिहिला, तेही त्याच ओळीत असू द्या.